आंदुइनचा गाळ आणि सारुमानची थाप

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही सिनेमे पाहिले नाहीत असा प्राणी आपल्या होस्टेलवर सापडणं कठीण. लढाया पाठ, डायलॉग पाठ. पण त्यातल्या आंदुइन नदीबद्दल विचारा, उत्तर येतं, "ती दोन पुतळ्यांमधून होड्या जातात, तीच ना?" हो, तीच. पडद्यावर ती थोडा वेळ दिसते, बोरोमिर मरतो आणि आपण पुढच्या लढाईकडे वळतो. माझं मत असं, की टॉल्किनच्या त्या काल्पनिक जगात सगळ्यात मन लावून घडवलेली गोष्ट म्हणजे ही नदी. तिचा नकाशा नीट पाहिला, तर त्या कथेतली सगळ्यात मोठी थाप सिव्हिलच्या सेकंड इयरचा पोरगासुद्धा पकडेल. मिडल-अर्थमधल्या भल्याभल्या ज्ञानी मंडळींना ती पकडता आली नाही, हा भाग वेगळा!

टॉल्किननं १९५४ च्या एका पत्रात लिहिलंय, की त्यानं आधी नकाशा घेतला आणि गोष्ट त्यात बसवली. आंदुइन म्हणजे एल्फ लोकांच्या भाषेत 'लांब नदी'. उत्तरेच्या डोंगरांतून दोन प्रवाह येऊन मिळतात, आणि मिस्टी माउंटन्स व मर्कवूडचं जंगल यांच्यामधल्या रुंद खोऱ्यातून ती दक्षिणेला निघते. वाटेत पश्चिमेकडून ग्लॅडन नदी मिळते. तिथे उतार कमी, पाणी संथ, म्हणून दलदल; त्यात पिवळी आयरिसची फुलं. याच फुलांवरून त्या दलदलीला ग्लॅडन फील्ड्स म्हणतात. पुढे लॉरियनचं पाणी येतं, मग पूर्वेला ओसाड तपकिरी जमीन, मग सार्न गेबिरचे खळाळ. तिथे होड्या उचलून काठाने न्याव्या लागतात. मग ते दोन पुतळे, म्हणजे आर्गोनाथ. ही गॉन्डोरची जुनी उत्तर सीमा. त्यांच्या आत नेन हिथोएल नावाचा लांबट तलाव, आणि तलाव संपला की राउरोसचा धबधबा. धबधब्याखाली जमीन एकदम सपाट, म्हणून लगेच पाणथळ, आणि एन्टवॉश नदी तिथे अनेक फाट्यांनी येऊन मिळते. उतार तुटला की नदी गाळ टाकते आणि फाटे फुटतात, हे आपण एका मार्कासाठी लिहितो. या माणसानं ते जगाच्या नकाशात काढून ठेवलं. शेवटी ऑस्गिलिआथ, पेलार्गिर बंदर, त्रिभुज प्रदेश आणि समुद्र. १९६७ च्या एका पत्रात त्यानं या मुखाचं अक्षांशही सांगितलंय: साधारण प्राचीन ट्रॉयचं. (मॉर्डॉरचे डोंगर मात्र गुण्यानं आखल्यासारखे काटकोनात आहेत. भूशास्त्रवाले त्यावर हसतात आणि ते बरोबरच आहे. पण आज विषय नदीचा.)

आता थाप. तिसऱ्या युगाच्या २ ऱ्या वर्षी राजा इसिल्दुर ग्लॅडन फील्ड्सपाशी ऑर्कांच्या हल्ल्यातून सुटायला नदीत उतरला. अंगठी बोटातून निसटली, तो दिसू लागला आणि बाण लागून मेला. अंगठी तळाशी. पुढे २९५३ साली ज्ञानी मंडळींच्या परिषदेत, तिला ते व्हाइट काउन्सिल म्हणतात, सारुमाननं ठासून सांगितलं, की अंगठी आंदुइनमधून गडगडत केव्हाच समुद्राला मिळाली, काळजी सोडा. गँडाल्फसारख्या माणसाच्या मनातली भीतीही त्या शब्दांनी काही काळ झोपी गेली.

इथे कुणीतरी हात वर करायला हवा होता. सोन्याचं विशिष्ट गुरुत्व १९.३, साध्या वाळूचं २.६५. ज्या वेगाला वाळू आरामात वाहत जाते, त्या वेगाला सोनं खाली बसतं. जगभर लोक नदीच्या वाळूत सोनं चाळतात ते याच जोरावर. पाण्याचा वेग मंदावतो तिथे ते सापडतं. आणि ही अंगठी पडली कुठे? संथ दलदलीच्या तोंडाशी! बरं, समजा एखाद्या महापुरानं ती उचलली. पुढे नेन हिथोएल आहेच. नदी तलावात शिरली की वेग पडतो आणि तळाने सरकणारा माल तिथेच बसतो. धरणात गाळ का साचतो, तेच हे. म्हणजे अंगठीला समुद्र गाठायला मध्ये एक भलामोठा सेटलिंग टँक ओलांडायचा होता.

आमच्या विंगमधला एक मित्र म्हणाला, "अरे, ती जादूची अंगठी आहे, तिला तुझं फ्लुइड मेकॅनिक्स कसलं लावतोस?" ठीक आहे, जादू धरू. पुस्तकात गँडाल्फच सांगतो, की अंगठी आपल्या मालकाकडे परतायला बघत असते. मग ती समुद्राच्या तळाशी का जाईल? म्हणजे फिजिक्स धरा की जादू, सारुमान दोन्हीकडून नापास.

मग सगळ्यांना ते पटलं कसं? मला वाटतं, ऐकणाऱ्यांच्या मनात ते आधीच होतं. त्या जगात नदीची पूजा नाही, घाट नाहीत, आरती नाही. पण पाण्यात उल्मो या जलदेवतेचा आवाज आहे असं एल्फ मानतात, आणि समुद्र म्हणजे त्यांच्यासाठी सुटका. नदी सगळं पोटात घेते आणि समुद्राला नेऊन देते, ही तिथली श्रद्धाच. पुढे बोरोमिरचं शव होडीत घालून राउरोसवर सोडलं, तेव्हाही गॉन्डोरचे लोक कित्येक वर्षं सांगत राहिले, की होडी फुटली नाही, ऑस्गिलिआथवरून समुद्राला गेली. दुःखात ते ऐकायला किती बरं वाटतं! सारुमाननं याच श्रद्धेचा फायदा उठवला. पुलावरून निर्माल्याची पिशवी टाकणारा माणूससुद्धा हेच धरून चालतो, की पुढचं नदी बघून घेईल.

नदीचा तळ माहीत होता तो काठावर राहणाऱ्यांना. ग्लॅडनजवळ नदीकाठी हॉबिटांच्या जातीचेच स्टूर लोक राहायचे, मासे धरायचे. २४६३ च्या सुमारास त्यातल्या देआगोलला गळाला लागलेल्या मोठ्या माशानं पाण्यात ओढलं, आणि तळाशी काहीतरी चमकलं. साडेचोवीसशे वर्षांनी अंगठी तिथल्या तिथे! स्मेआगोलनं त्याचा गळा दाबला, ते सिनेमातही आहे. गंमत अशी, की व्हाइट काउन्सिलची स्थापना २४६३ सालचीच. म्हणजे ज्ञानी लोक बैठकीला बसले, त्याच सुमारास एका मासे धरणाऱ्या पोरानं गाळातून अंगठी वर काढली होती. २९५३ ला ते समुद्राची चर्चा करत होते, तेव्हा ती बिल्बोच्या घरी येऊन अकरा-बारा वर्षं झाली होती.

सारुमानला स्वतःला थाप माहीतच होती. २८५१ पासून तो ग्लॅडन फील्ड्सपाशी गुपचूप शोध घेत होता. २९३९ मध्ये सॉरॉनची माणसंही तिथलीच नदी धुंडाळतायत हे त्याला कळलं, तरी तो परिषदेत चकार शब्द बोलला नाही. 'अनफिनिश्ड टेल्स' हे पुस्तक १९८० साली आलं, त्यात एक बारकावा आहे. सारुमान गेल्यावर राजा झालेल्या आरागॉर्ननं त्याचा मनोरा तपासला, तेव्हा लपवलेल्या पोलादी कपाटात एक छोटी सोन्याची डबी सापडली, बारीक साखळीला लावलेली. इसिल्दुर अंगठी गळ्यात अडकवायचा ती. डबी रिकामी होती, पण जवळजवळ तीन हजार वर्षांत ती समुद्राला गेली नव्हती.