एक्सप्लेनर : कार्डवर सारखेच दिसणारे दोन बेज भिंतीवर वेगळे का पडतात?

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घर रंगवायचे ठरते आणि शेड कार्डवरचे बोट दोन छटांवर अडते : एक पिवळसर बेज, दुसरा राखाडी झाक असलेला. कार्डवर फरक जेमतेम. भिंतीवर मात्र एक खोली उजळते, दुसरी कोंदट वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा तालुक्यात सास्तूरसह अनेक गावांत माळवदांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहिली. खोली लहान आणि खिडकी एकच असेल, तर हा फरक जास्त जाणवतो.

एलआरव्ही म्हणजे काय?
रंग किती उजेड परत फेकतो, हे ‘लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू’ सांगते. ० म्हणजे ठार काळा, १०० म्हणजे शुभ्र पांढरा. एका बेजचा आकडा ७० आणि दुसऱ्याचा ५५ असेल, तर फरक १५ वर थांबत नाही. उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातो. दोनदा परतल्यावर पहिल्या खोलीत ४९ टक्के उरतो, दुसऱ्या खोलीत सुमारे ३० टक्के. अशीच झाकही दर वेळी गडद होते.

बल्बचा काय संबंध?
६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या एलईडीखाली राखाडी बेज थंड, मळकट दिसू शकतो. ३००० केल्व्हिनच्या पिवळ्या उजेडात पिवळसर बेज आणखी पिवळा होतो. मोबाइलवरचा फोटोही भरवशाचा नाही. स्क्रीनचा ब्राइटनेस आणि नाइट मोड रंग बदलतात.

मग कोणता घ्यावा?
उत्तरेकडे खिडकी असलेल्या किंवा अंधाऱ्या खोलीला जास्त एलआरव्हीचा पिवळसर बेज बरा. पश्चिमेचे ऊन थेट येणाऱ्या खोलीत राखाडी झाक डोळ्यांना शांत वाटते.

आधी काय तपासावे?
दोन्ही रंगांचा छोटा डबा आणा. खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे, दोन हात देऊन रंगवा. वाळल्यावर सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून पाहा.

१० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीच्या भिंती ४४० चौरस फूट भरतात. मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून ग्राहकाने एलआरव्ही विचारावा आणि दुकानदारानेही तो आपणहून सांगावा. दोन छोट्या डब्यांचा खर्च पुन्हा रंगकाम करण्यापेक्षा नक्कीच कमी आहे.