सूप जर्मन, शेंगा आपल्याच!

मित्रांनो, आपल्या होस्टेलवर सध्या दोनच प्रकारचे लोक आहेत. एक, ज्यांना जर्मनीला जायचंय. आणि दुसरे, ज्यांना कुठे जायचं ते अजून ठरवायचंय. पहिल्यांना काहीही विचारा. ए.पी.एस. सर्टिफिकेट कसं काढायचं, ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे काय, ए-वन नंतर ए-टू ला किती महिने लागतात, सगळं तोंडपाठ! त्यात २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. तेव्हापासून तर नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा सगळ्यांच्याच घरी जर्मनीचं नाव निघू लागलंय. पण यांना एकच प्रश्न विचारून बघा, "तिथे रोज जेवणार काय?" सगळे गप्प! मग एखादा म्हणतो, "मॅगी आहे ना."

माझं मत विचाराल तर, जर्मन भाषेआधी एक पातेलंभर काहीतरी शिजवायला शिका. आणि मुलांनी तर सगळ्यात आधी. हे मी उगाच म्हणत नाही. मागच्या दिवाळीत आमच्या गावी, साखरखेर्ड्याला, माझ्या मावसभावाने हिरव्या शेंगांचं जर्मन सूप केलं. दादा सध्या ए-टू करतोय. त्याच्या पुस्तकात या सुपाचा धडा होता. जर्मन नाव ग्रूने बोनेनझुपे. तिथे अशा पदार्थांना 'आइनटॉप्फ' म्हणतात, म्हणजे एका भांड्यात होणारं जेवण. घरात जे आहे ते एका पातेल्यात घालायचं, पाणी वाढवायचं आणि सगळ्यांचं पोट भरायचं. सांगा बरं, यात परदेशी काय आहे?

सामानाची यादी ऐकून तर आई हसायलाच लागली. शेंगा, बटाटे, कांदा, गाजर. शेंगा म्हणजे मुंबईकरांची फरसबी, पुणेकरांचा श्रावणघेवडा आणि आपल्या मेसच्या पुलावातले बीन्स. गंमत म्हणजे यातल्या शेंगा आणि बटाटा जर्मनीचे नाहीतच! दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. १४९२ नंतर ते युरोपात आले आणि पुढे आपल्याकडेही. बटाटा लावा असा हुकूम प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला १७५६ मध्ये काढावा लागला, कारण लोक लावायला तयार नव्हते. आमच्या साखरखेर्ड्याचं नाव इतिहासात येतं ते १७२४ च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्कने तिथे मुबारिझ खानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये आपलं बस्तान पक्कं बसवलं. म्हणजे आमच्या गावात तोफा वाजल्या तेव्हा तो बटाट्याचा हुकूम निघायला अजून ३२ वर्षं होती! त्यामुळे 'ऑथेंटिक' सामान मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी जरा शांत व्हावं. परंपरा ही सामानात कमी आणि रीतीत जास्त असते.

आता रीत. सहा जणांसाठी अर्धा किलो शेंगा, चार बटाटे, दोन कांदे, एक गाजर. कांदा परतायचा, मग बाकीचं चिरून घालायचं, दीड लिटर पाणी, मीठ, मिरपूड आणि झाकण. शेंगा नीट उकळून शिजल्याच पाहिजेत, कारण कच्च्या शेंगेत लेक्टिन नावाचं प्रथिन असतं, त्याने पोट बिघडतं. चांगलं उकळलं की ते निकामी होतं. बटाट्याच्या चार-पाच फोडी चमच्याने मोडल्या की त्यातल्या स्टार्चने रस्सा दाट होतो. आंबट मात्र अगदी शेवटी. जर्मन लोक व्हिनेगर घालतात, आम्ही लिंबू पिळलं. आधी पिळलं तर आम्लामुळे भाजीतलं पेक्टिन लवकर सुटत नाही आणि बटाटे टणक राहतात. आई डाळ शिजल्यावरच चिंच घालते, त्याचं कारणही हेच. तिने केमिस्ट्री शिकलेली नाही, पण तिची डाळ कधी टणक राहत नाही.

खरी अडचण दोनच गोष्टींची आली. एक, 'बोनेनक्राउट' नावाचा पाला. नावाचा अर्थच 'शेंगांचा पाला', आणि तो घालायचा कशासाठी, तर शेंगांनी पोटात वायू धरू नये म्हणून. हे ऐकल्याबरोबर आजीने ओव्याची बाटली पुढे सरकवली. नंतर मी वाचलं तेव्हा थक्क झाले. त्या पाल्यात मुख्यतः कार्वाक्रॉल असतं आणि ओव्यात थायमॉल. दोघांचं रेणुसूत्र एकच, फक्त हायड्रॉक्सिल गटाची जागा वेगळी! दुसरी अडचण, धुरावलेलं डुकराचं मांस. आमच्याकडे ते शक्यच नव्हतं. मग चुलीतला निखारा वाटीत ठेवला, वाटी सुपात अलगद सोडली, वर चमचाभर तूप आणि पाच मिनिटं झाकण. धुराचा वास असा लागला की विचारू नका.

सूप वाढल्यावर आजीने एक घोट घेतला आणि म्हणाली, "मंग हे सूप कायचं? हे तं शेंगाचं पातळ कालवण व्हय!"

आजीचं बरोबरच होतं. पण मला त्या दिवशी खटकलं ते वेगळंच. दादाच्या सुपाची बातमी तासाभरात गल्लीत पोचली. काका आले, शेजारच्या काकू आल्या, फोटो निघाले. "पोरगा जर्मन जेवण करतो!" म्हणून केवढं कौतुक! ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्गला आपण निघालोय, तिथल्या लोकांचं आवडतं जेवण म्हणजे मसूर आणि कणकेसारख्या पिठाचे मऊ तुकडे, लिन्झन मिट श्पेट्झले. आपली वरणफळंच म्हणा ना, फक्त त्यांच्या पिठात अंडं असतं. आई महिन्यातून चारदा वरणफळं करते. त्याचा फोटो आजपर्यंत कोणी काढलेला नाही.

आणि दुसरी गोष्ट. दादाने सूप केलं म्हणून तो हुशार ठरला. मी तेच केलं असतं तर "चला, सासरी उपयोगी पडेल" असं कोणीतरी नक्की म्हणालं असतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे एस.यू.पी.डब्ल्यू.च्या तासाला मुली भरतकाम करायच्या आणि मुलं स्विचबोर्ड जोडायची. आज मी इलेक्ट्रिकलला आहे, म्हणजे स्विचबोर्ड मुलींनाही जमतो हे सिद्ध झालं. मग पातेलं मुलांना का जमू नये? परदेशी नावाचा पदार्थ असला की मुलाच्या हातातला झारा शोभतो आणि घरचं वरण असलं की तो बाईमाणसाचा होतो, हा कुठला न्याय?

काही जण म्हणतील, "अगं, आम्हाला अभ्यासातून वेळ कुठे? मेस आहे, कॅन्टीन आहे. तिकडेही मेन्सा असते." मान्य. पण तिकडची मेन्साही रविवारी बहुधा बंद असते, आणि बाहेर खायचं तर युरोचा हिशोब करावा लागतो. तिथल्या होस्टेलवर बऱ्याचदा एक किचन चार-पाच जणांत असतं. त्यात ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी कोण शिजवणार? बहुतेक वेळा बरोबरची एखादी भारतीय मुलगीच! तिने सातासमुद्रापार एम.एस. करायला जायचं आणि तिथेही चार जणांच्या पोळ्या लाटायच्या? मला तरी हे मान्य नाही. आणि हे टाळण्याची तयारी व्हिसा मिळाल्यावर होत नाही, ती आत्ताच करावी लागते.

म्हणून रेक्टर सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. रूमवर शेगडी-हीटर नको हा नियम योग्यच आहे, शॉर्ट सर्किटची भीती इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको. पण रविवारी रात्री आपली मेस बंदच असते. महिन्यातून एका रविवारी मेसच्या काका-मावशींच्या देखरेखीखाली स्वयंपाकघर आमच्या ताब्यात द्या. दहा-दहा जणांची बॅच, त्यात निम्मी मुलं, निम्म्या मुली. मुलांनी फक्त कांदा चिरून मोकळं व्हायचं आणि मुलींनी भांडी घासायची, असली वाटणी चालणार नाही. चिरण्यापासून घासण्यापर्यंत सगळं पाळीपाळीने. सुरुवात शेंगांच्या सुपाने करू, कारण ते बिघडवायलाही कष्ट लागतात! खर्च आम्ही वर्गणी काढून भागवू.

आणि मित्रांनो, तोपर्यंत सुट्टीत घरी गेलात की एक करा. यूट्यूब उघडण्याआधी आईला विचारा, "वरणफळं कशी करतेस?" ती आधी हसेल, मग "तुला कशाला रे?" म्हणेल. तरी तिथेच उभे राहा, आणि या वेळी लाटणं तुमच्या हातात घ्या.