ध्वजदिनाची पेटी आणि शिपायाचे छप्पर

दरसाल डिसेंबरची ७ तारीख जवळ आली, म्हणजे वडीगोद्रीसारख्या गावातही कागदाचे चिमुकले झेंडे येऊन पडतात. गडद तांबडा, गडद निळा व फिकट निळा असे त्यांवर तीन पट्टे. एक पायदळाचा, एक आरमाराचा, एक वायुदलाचा. शाळेत पेटी फिरते, ग्रामपंचायतीत फिरते, सोसायटीच्या कचेरीत फिरते. पोरे आईच्या पदराची गाठ सोडवून पाच-दहा रुपये आणतात व सदऱ्याला झेंडा टाचून घरी जातात. वरून ठरवून आलेला आकडा एकदाचा पुरा झाला, की पेटी उचलून नेतात आणि वर्षभर तिची कोणास आठवण राहत नाही. पैसे कोणासाठी गोळा झाले, आणि ज्यास ते पोहोचावयास पाहिजेत असा कोणी आपल्याच गावात आहे की काय, हे पेटीत टाकणारा विचारीत नाही व पेटी नेणाराही सांगत नाही. आम्ही आज ते विचारणार आहो.

प्रथम या फंडाची हकीकत सांगणे जरूर आहे. २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या कमिटीने ठरविले, की दरवर्षी ७ डिसेंबर हा दिवस पाळून लोकांकडून वर्गणी घ्यावी. लढाईत जायबंदी झालेल्यांची सोय लावणे, चाकरीवर असलेल्यांच्या कुटुंबांचे पाहणे, आणि पलटणीतून सुटून आलेल्यांस पुन्हा संसाराला लावणे, असे तिचे तीन हेतू. १९९३ साली निरनिराळे फंड एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी असा एकच फंड करण्यात आला. त्याचा कारभार दिल्लीचे केंद्रीय सैनिक बोर्ड पाहते, आणि आपल्याकडे त्याचे दार म्हणजे जालन्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तेव्हा हा फंड सरकारच्या खजिन्यातून आपोआप भरत नाही. तो तुमच्या-आमच्या पाच-दहा रुपयांचा आहे, आणि म्हणूनच त्याचा हिशेब विचारण्याचा अधिकारही तुमचा-आमचा आहे.

आमचे काही वाचक म्हणतील, की शिपाई आणि बेघर हे दोन शब्द जवळ येतातच कसे? शिपायाला पेन्शन आहे, कँटीन आहे, दवाखाना आहे. म्हणून तर आपण पोरांना पहाटे उठवून हमरस्त्याच्या कडेने पळावयास लावतो. हे म्हणणे खोटे नाही, परंतु अर्धेच खरे आहे. साध्या शिपायाला पेन्शन लागू होण्यास १५ वर्षांची नोकरी भरावी लागते. जो त्याआधी घरच्या अडचणीमुळे स्वतः अर्ज करून सुटून आला, बाप मेला, बैल मेले, शेतीकडे पाहणारा कोणी उरला नाही म्हणून सात-आठ वर्षांत नाव काढून आला, त्याच्या हातात पेन्शन नाही. उमेदीची वर्षे सरहद्दीवर गेली, धंदा कोणता शिकला नाही, आणि गावी येऊन पाहतो तो त्याच्यावाचून सगळे मांडून झालेले असते.

येथेच खरे दुखणे आहे. शहरातला बेघर मनुष्य रस्त्याच्या कडेला निजतो, तो डोळ्यांना दिसतो. आमच्या खेड्यांतला बेघर दिसत नाही. तो मारुतीच्या देवळात निजतो, भावाच्या पडवीत बाज टाकतो, लेकीच्या सासरी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत दिवस काढतो, आणि विचारले तर अभिमानाने म्हणतो, “घर आहे की!” घर आहे, परंतु ते कोणाच्या नावावर आहे? अठराव्या वर्षी पोरगा भरती झाला. त्याने महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर पाठविली. त्या पैशांतून बापाने कुडाच्या भिंती पाडून विटांच्या चढविल्या, वर पत्रे टाकले. पुढे वाटणी झाली त्या वेळी हा काश्मिरात होता. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला थोरल्या भावाचे नाव लागले, याचे लागलेच नाही. भाऊ वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. तलाठी-ग्रामसेवकापुढे जो उभा राहिला त्याचे नाव कागदावर आले, इतकेच.

यात आणखी एक चमत्कार पाहा. २०२० साली राज्य सरकारने ग्रामपंचायतींच्या हद्दीत माजी सैनिकांच्या व सैनिकांच्या विधवांच्या घरांना घरपट्टी माफ केली. चांगले केले. परंतु माफी मिळावयास आधी घर नावावर पाहिजे. ज्याच्या नावावर एक वीट नाही, त्याला कसली माफी? ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याचे ओझे हलके झाले, आणि ज्याला छप्परच नाही तो माफीच्या यादीतही नाही व गरजूंच्या यादीतही नाही.

आता फंडातून काय मिळते ते पाहू. पेन्शन नसलेला, पासष्ट वर्षांवरचा, उत्पन्नाचे साधन नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांस दरमहा ४,००० रुपये मिळत असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी ही रक्कम दुप्पट, म्हणजे ८,००० रुपये केली व १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती लागू झाली. मुलांच्या शिक्षणाची मदत महिना १,००० वरून २,००० रुपये झाली, आणि मुलीच्या लग्नाची अथवा विधवेच्या पुनर्विवाहाची ५०,००० वरून १,००,००० रुपये झाली. या वाढीला वर्षाकाठी सुमारे २५७ कोटी रुपये लागणार असून ते याच ध्वजदिनाच्या फंडातून द्यावयाचे आहेत. म्हाताऱ्या माणसाला महिना आठ हजार म्हणजे भाकरीची चिंता बरीच मिटली. परंतु भाकरी खाऊन पाठ टेकावयाची कोठे, याला या आठ हजारांत उत्तर नाही. घरदुरुस्तीची मदत आहे, तीही शंभर टक्के अपंग झालेल्या माजी सैनिकाला व सैनिकाच्या अनाथ मुलीला; आणि दुरुस्ती म्हटली की आधी दुरुस्त करावयास घर लागते!

फौजेची चाकरी आमच्या लोकांना नवी नाही. जालन्यास पूर्वी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. साताऱ्याकडच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, आणि गावाच्या नावालाच मिलिटरी हा शब्द चिकटला. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी पेन्शन घेऊन दापोलीला राहिले. तेथे लष्करी पेन्शनरांची वस्तीच होती, एकमेकांच्या आधाराने ते राहत. पण त्याच सुमारास, १८९२ साली, महारांची भरती सरकारने बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीवर ज्यांचे घर चालले त्यांच्या पोरांना पुन्हा गावकीच्या वेठीवाचून गत्यंतर उरले नाही. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध विनंतिपत्र लिहिले. पुढे महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण पुन्हा उभारली, व गरज सरल्यावर १९२१ साली मोडली.

शिपायाला असे वाऱ्यावर सोडण्याचा दोष एकट्या आपल्या मुलखाला देता येणार नाही. मोठमोठी धनवान राष्ट्रेही यातून सुटलेली नाहीत. इंग्लंडात १९१८ साली युद्ध संपताच मुख्य प्रधान लॉईड जॉर्ज यांनी परतलेल्या वीरांना शोभेल असा देश करण्याचे वचन दिले. १९१९ साली कायदा झाला, तीन वर्षांत पाच लाख घरे बांधावयाची ठरली; १९२१ साली पैशाच्या नावाने हात आखडला आणि सुमारे २ लाख १३ हजार घरांवर काम थांबले. अमेरिकेत तर १९३२ साली भुकेले माजी शिपाई कबूल केलेला बोनस मागण्यासाठी बायकापोरांसह राजधानीत झोपड्या घालून बसले, तेव्हा त्यांच्याच फौजेने २८ जुलै रोजी त्यांना हुसकून लावले व झोपड्यांना आगी लागल्या.

त्याच अमेरिकेने पुढे एक गोष्ट केली, ती मात्र आपण उचलण्यासारखी आहे. जानेवारी महिन्यात एक रात्र ठरवून गावोगाव माणसे बाहेर पडतात आणि छप्पर नसलेल्यांची मोजणी करतात. त्यांत माजी शिपाई किती हे वेगळे लिहितात. २०१० साली असे ७४ हजारांवर माजी शिपाई निघाले. नुसती वर्गणी वाटून ते कमी झाले नसते. सरकारच्या घरखात्याने भाड्याची चिठ्ठी दिली, माजी सैनिकांच्या खात्याने प्रत्येकामागे एक माणूस नेमला, आणि कित्येक शहरांनी नावानिशी याद्या ठेवून एकेका नावापुढे घर मिळाले की नाही हे लिहिले. २०२४ च्या मोजणीत संख्या ३२,८८२ वर आली. प्रश्न मिटला नाही, पण अर्ध्याहून अधिक उतरला. आणि याची सुरुवात मोजण्यापासून झाली.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की पेटी फिरविण्याआधी यादी करा. वडीगोद्रीत किंवा आसपासच्या कोणत्याही गावात ही यादी करावयास एक दिवस पुरे. गावात कोण पलटणीत होते हे पारावरच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असते. किती वर्षे नोकरी, पेन्शन आहे की नाही, राहते घर कोणाच्या नावावर आहे, आणि तो नसल्यास त्याची विधवा कोठे राहते, एवढे चार प्रश्न. विधवांबद्दल आम्ही मुद्दाम लिहितो. लढाईत पडलेल्याच्या पत्नीला वीरपत्नी म्हणून निदान वर्षातून दोनदा खुर्ची मिळते. जो लढाईत पडला नाही, घरी येऊन आजाराने मेला, त्याची बायको दुसऱ्याच्या रानात खुरपते आणि तिच्या नवऱ्याच्या चाकरीचे कागद पत्र्याच्या पेटीत तसेच असतात.

यादी झाली म्हणजे घराचा रस्ता अगदीच बंद नाही असे दिसून येईल. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट मुलखात १,२०,००० रुपये मिळतात, आणि लढाईत पडलेल्या सैनिकाच्या विधवेला वा वारसाला तीत अग्रक्रम सांगितला आहे. पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेतही १९९५-९६ पासून माजी सैनिकांना जागा केलेली होती. जागाच नसेल तर ती विकत घेण्यास राज्य सरकारची मदत आहे. त्यातही गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरोघर सनदा देण्याचे काम २०२० पासून स्वामित्व योजनेखाली चालले आहे. ज्याचे नाव वाटणीच्या वेळी राहून गेले, त्याने ते लावून घेण्याची हीच वेळ आहे. एकदा सनद भावाच्या नावाने निघाली, की पुढे कोर्टाच्या पायऱ्या आणि वकिलाची फी.

कोणी विचारील, की गावात ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत, भूमिहीन आहेत, त्यांनाही छप्पर नाही; मग शिपायाचेच काय एवढे? प्रश्न रास्त आहे, आणि शिपायाला द्या म्हणजे ऊसतोड्याचे काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. दोघेही बहुधा एकाच घरचे असतात. परंतु शिपायाच्या नावाने आपण दरसाल पैसे मागतो. ज्याचे नाव सांगून पेटी भरली, तो देवळात निजत असेल तर ते पैसे मागण्याचे तोंड आपल्याला कोणते? सप्ताहाची वर्गणी आमच्या गावांतून एका संध्याकाळी जमते, कळसाला कमी पडत नाही, वेशीवर कमान उभारावयाची म्हटली तरी पुढारी धावून येतात. पंधरा ऑगस्टला त्याच म्हाताऱ्याला शाल पांघरून नारळ हाती देतात व फोटो काढतात. दहा घरांनी मिळून त्याच्या वाट्याच्या खणभर जागेवर चार भिंती उभ्या केल्या, सुताराने दार दिले, गवंड्याने दोन दिवस फुकट घातले, तर शालींचा खर्चही वाचेल.

आणि हा प्रश्न म्हाताऱ्यांबरोबर संपणार नाही. २०२२ साली अग्निपथ योजना निघाली. चार वर्षांची चाकरी, चौघांतल्या एकास पुढे ठेवावयाचे, बाकीच्यांनी सुमारे पावणेबारा लाख रुपये घेऊन घरी यावयाचे. पेन्शन मूळ अटींतच नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी दाखल झाल्या. या पोरांच्या आईबापांस आमचे सांगणे आहे, की त्या पैशांतून जे काही बांधाल ते पोराच्या नावाने बांधा, आणि ग्रामपंचायतीत नोंद तो रजेवर आला असता त्याच्यासमक्ष करा.

पैसे देणाऱ्यांस एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. मोबाईलवर जवानांची चित्रे लावून खात्याचा नंबर पाठविणारे पुष्कळ निघाले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये असाच एक संदेश देशभर फिरला व तो दिशाभूल करणारा आहे असे खुद्द संरक्षण खात्याला जाहीर करावे लागले. मोबाईलवर आलेल्या नंबरावर पैसे पाठवू नका. पैसे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अथवा केंद्रीय सैनिक बोर्डाच्या खात्यातच भरा, पावती घ्या, आणि ती शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर लावा.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने ही यादी वाचून दाखवावी व ठराव करून तिची एक प्रत जालन्याला पाठवावी. ज्याला दरमहाच्या मदतीसाठी अर्ज करावयाचा आहे त्याने डिस्चार्ज बुक, माजी सैनिकाचे ओळखपत्र, वयाचा दाखला व बँकेचे पासबुक जवळ ठेवावे. डिस्चार्ज बुक हरवले असेल तर पलटणीच्या रेकॉर्ड कचेरीतून दुसरी प्रत मागविता येते. मराठा पलटणीची ती कचेरी बेळगावला आहे, महार पलटणीची मध्य प्रदेशातील सागरला. हा पत्रव्यवहार जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय करून देते, म्हाताऱ्याने तेथवर जाण्याची गरज नाही. अंबडवरून जालन्यास जाण्या-येण्यात एक दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा दोघा-तिघांचे कागद मिळून एकानेच न्यावेत. आणि ज्यास अर्ज लिहिता येत नाही त्याने शाळा सुटल्यावर गावच्या मास्तराकडे जावे.