चेंडू परत आणायचा कोणी?

कोणत्याही सामूहिक उद्योगात एखादे काम असे असते की, ते व्हावे असे सर्वांनाच वाटते. परंतु ते आपल्या सर्वोत्तम माणसावर सोपवावे असे मात्र कोणालाच वाटत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रतिपक्षाने लाथेने दूर धाडलेला चेंडू झेलून परत आणण्याचे काम याच जातीचे आहे. ते कोणाकडे द्यावे हा प्रश्न वरवर पाहता प्रशिक्षकाच्या डावपेचांपुरता मर्यादित भासतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी न्यायाचा प्रश्न आहे. धोक्याची वाटणी करताना माणसाचे कसब पाहायचे, की त्याच्यावाचून आपले किती अडेल याचा हिशेब मांडायचा?

अमेरिकेतील फुटबॉलचा आपल्या परिचयाच्या फुटबॉलशी नावापुरताच संबंध आहे. तो मुख्यतः हातात चेंडू घेऊन धावण्याचा आणि धावणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडण्याचा खेळ आहे. गुण नोंदविल्यानंतर, तसेच प्रत्येक अर्ध्या डावाच्या आरंभी, एक संघ चेंडूला लांब लाथ मारून तो दुसऱ्या संघाच्या स्वाधीन करतो. यास ‘किकऑफ’ म्हणतात. आक्रमण खुंटल्यावर चेंडू हातातून सोडून दूर लाथाडला जातो, त्यास ‘पंट’ हे नाव आहे. अशा प्रसंगी नेहमीचे आक्रमक व बचावपटू बाजूला होतात आणि ‘स्पेशल टीम्स’ म्हणून ओळखली जाणारी विशेष पथके मैदानात उतरतात. त्यांत बहुतांशी राखीव आणि नवोदित खेळाडूंचा भरणा असतो. या पथकाच्या पिछाडीस उभे राहून चेंडू झेलणारा आणि अंगावर चालून येणाऱ्या दहा-अकरा धिप्पाड माणसांना चुकवीत तो पुढे नेणारा खेळाडू म्हणजे ‘रिटर्नर’.

हे काम जितके जोखमीचे, तितकेच फलदायी आहे. रिटर्नरने मिळविलेले प्रत्येक यार्ड त्याच्या संघाच्या पुढील आक्रमणाची वाट कमी करते. आणि वाट मोकळी सापडली, तर एका धावेत सामन्याचे पारडे फिरते. १९९७ च्या जानेवारीत झालेल्या सुपर बोल सामन्यात न्यू इंग्लंडच्या संघाने ग्रीन बेची आघाडी २७-२१ अशी कमी करीत आणली होती. त्यानंतरच्याच किकऑफवर डेस्मंड हॉवर्ड ९९ यार्ड धावत गेला आणि न्यू इंग्लंडची उभारी तेथेच ओसरली. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हॉवर्डची निवड झाली. विशेष पथकातील खेळाडूस हा मान त्यापूर्वी कधीही मिळाला नव्हता.

प्रशिक्षकांचा हिशेब

असे असूनही बहुसंख्य प्रशिक्षक आपला पहिल्या प्रतीचा खेळाडू या कामास देताना कचरतात. त्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. १९९८ साली न्यू यॉर्क जायंट्स संघाने हंगामपूर्व सराव सामन्यात जेसन सीहॉर्न या आपल्या अव्वल बचावपटूस पहिलाच किकऑफ परत आणण्यास पाठविले. त्या एका धावेत त्याचा गुडघा निकामी झाला आणि संपूर्ण हंगाम त्याला मैदानाबाहेर काढावा लागला. ज्याचा निकाल कोठेही मोजला जाणार नव्हता अशा सामन्यातील एका धावेसाठी संघाने वर्षभराचे बळ गमावले. तेव्हापासून ताऱ्यांना रिटर्नर का करू नये, असे विचारणाऱ्यास सीहॉर्नचे नाव हे ठरलेले उत्तर झाले आहे.

या उत्तरातून निघणारा व्यवहार सरळ आहे. ज्याच्या जाण्याने संघाचे कमीत कमी नुकसान होईल, त्यालाच पुढे करावे. दिवस मावळताना मुख्य फलंदाजाला झाकून ठेवून शेपटाकडच्या गोलंदाजाला ‘नाइट वॉचमन’ म्हणून खेळपट्टीवर धाडणारा क्रिकेट कर्णधारही असाच विचार करतो. मात्र नाइट वॉचमन बाद झाला तर एक बळी जातो. रिटर्नर पडला तर प्रसंगी त्याची संपूर्ण कारकीर्द जाते. शिवाय या लीगमधील सामान्य खेळाडूंचे करार बहुधा पूर्ण हमीचे नसतात. दुखापतीने ताऱ्याचा हंगाम बुडतो. पण राखीव खेळाडूची उपजीविकाच बुडू शकते. म्हणजे संघाच्या वहीत ज्याचे नुकसान सर्वांत कमी दिसते, त्याचे स्वतःचे नुकसान सर्वांत अधिक असते. बळी द्यायचा तो बोकडाचा, वाघाचा नव्हे, या जुन्या व्यवहाराची ही आधुनिक आवृत्ती होय.

हातांची किंमत

पण न्यायाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी निव्वळ जिंकण्याच्या दृष्टीनेही हा हिशेब चुकीचा ठरतो. कारण रिटर्नरचे काम हे उरल्यासुरल्या माणसाने उरकावयाचे काम नाही. ते एक स्वतंत्र कसब आहे. नुसता वेग त्यास पुरत नाही. उंचावरून गिरक्या घेत येणाऱ्या चेंडूकडे नजर लावून, अंगावर चालून येणाऱ्यांची चाहूल घेत तो निश्चल हातांनी झेलता आला पाहिजे. पंट झेलायचा, सोडून द्यायचा, की हात उंचावून धावण्याचा हक्क सोडायचा, याचा निर्णय निमिषार्धात घेता आला पाहिजे. आपल्या साथीदारांनी पाडलेली फट दिसताच आडवेतिडवे न बागडता तिच्यात सरळ घुसता आले पाहिजे. यांपैकी हात आणि निर्णय हे गुण पहिले आणि वेग त्यानंतरचा. कारण निसटलेला चेंडू शत्रूच्या हाती पडला, तर वेगाचा उपयोग शून्य.

२२ जानेवारी २०१२ रोजी सॅन फ्रान्सिस्को आणि न्यू यॉर्क जायंट्स यांच्यात झालेला सामना याची कटू साक्ष देतो. सुपर बोलची दारे उघडणारा तो सामना होता. सॅन फ्रान्सिस्कोचा नेहमीचा रिटर्नर टेड गिन जखमी असल्याने काइल विल्यम्सला त्याच्या जागी उतरविण्यात आले. एकदा जमिनीवर उसळणारा पंट त्याच्या गुडघ्याला लागून प्रतिपक्षास मिळाला. पुढे जादा वेळेत त्याच्या हातून चेंडू सुटला आणि न्यू यॉर्कने २०-१७ असा सामना जिंकला. त्यानंतर त्या तरुणास जीवे मारण्याच्या धमक्या आल्या. ज्या संघाने वर्षभर या कामाची पर्यायी तयारी किती केली होती, हे विचारण्याची तसदी धमक्या देणाऱ्यांपैकी कोणी घेतली नाही. राखीव माणसाच्या वाट्याला धोका तर येतोच, वर अपयशाचे खापरही त्याच्याच माथी फुटते.

याच्या उलट, कसबाची कदर केली म्हणजे काय घडते हे शिकागोच्या डेव्हिन हेस्टरने दाखविले. २००६ साली निवड झालेल्या हेस्टरने आपल्या कारकिर्दीत परताव्याच्या धावांवर २० टचडाउन केले. ४ फेब्रुवारी २००७ च्या सुपर बोलमध्ये तर अगदी आरंभीचाच किकऑफ त्याने ९२ यार्ड धावत नेऊन गोलरेषेपार केला. शिकागोने तो सामना २९-१७ असा गमावला, हे खरे. परंतु उरलेल्या सामन्यात इंडियानापोलिसने चेंडू त्याच्यापासून दूर, आखूड मारण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे नुसत्या उभे राहण्यानेही तो माणूस आपल्या संघाला यार्ड मिळवून देत होता. तथापि मुख्यतः रिटर्नर असलेल्या खेळाडूस ओहायोतील कँटन येथील हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. त्यापूर्वी दोन वेळा अंतिम यादीत येऊनही हेस्टरला परत जावे लागले होते. कामाला प्रतिष्ठा द्यावयास इतका उशीर होतो, तेथे ते काम कोणावर ढकलले जाते याचे आश्चर्य वाटावयास नको.

धोका ही नियती नव्हे

रिटर्नरची निवड करताना ‘कोणी जखमी झाला तर’ हा प्रश्न गृहीत धरला जातो. पण तो धोका आला कोठून? पूर्वी किकऑफवर दोन्ही बाजूंचे खेळाडू लांबून भरधाव येऊन परस्परांवर आदळत. आदळणाराही त्यातून सुटत नसे. ९ सप्टेंबर २००७ रोजी बफेलोच्या केव्हिन एव्हरेटने किकऑफ परत आणणाऱ्या खेळाडूस पाडताना स्वतःच्या मणक्याला गंभीर इजा करून घेतली. तो पुढे चालू लागला, परंतु त्याचा खेळ संपला. ऑक्टोबर २०१० मध्ये रटगर्स विद्यापीठाचा एरिक लग्रांड अशाच प्रसंगी जायबंदी झाला आणि त्याच्या शरीरास पक्षाघात आला.

अशा घटनांनंतर नॅशनल फुटबॉल लीगने नियमांना हळूहळू मुरड घातली. २०११ मध्ये किकऑफची जागा पाच यार्ड पुढे नेण्यात आली, जेणेकरून चेंडू शेवटच्या पट्ट्यात जाऊन पडावा आणि परतावाच होऊ नये. २०१८ मध्ये लाथ बसण्यापूर्वी धावत सुटण्यास बंदी आली. परिणामी खेळ सुरक्षित झाला तो मुख्यतः थांबल्यामुळे. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये एकही किकऑफ परत आणला गेला नाही. त्याच वर्षी लीगने निराळा मार्ग पत्करला. लाथ मारणाऱ्याचे दहा साथीदार प्रतिपक्षाच्या ४० यार्ड रेषेवर, त्यांच्यासमोर अवघ्या पाच यार्डांच्या अंतरावर अडविणारे, आणि चेंडू खाली येईपर्यंत उभयतांनी जागचे हलावयाचे नाही! मागे थांबणाऱ्या रिटर्नरांची संख्या दोनपर्यंत ठेवता येते. २०२५ मध्ये थेट शेवटच्या पट्ट्यात जाणाऱ्या लाथेची शिक्षा वाढविल्यावर बहुसंख्य किकऑफ पुन्हा परत आणले जाऊ लागले.

या बदलाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. धोका हा खेळाचा अटळ स्वभाव नव्हता. तो रचनेचा दोष होता, आणि रचना बदलता येत होती. इतकी वर्षे ती बदलली नाही, याचे एक कारण असे दिसते की तिचा भार सहन करणारे लोक संघात सर्वांत कमी आवाजाचे होते. प्रत्येक किकऑफवर लाखमोलाचे तारे उभे केले जात असते, तर सुधारणेस इतकी वर्षे लागली असती काय?

निवडीचा निकष

तेव्हा निकष कोणता असावा? जो हे काम सर्वोत्तम करतो, त्याने ते करावे. तो राखीव असेल तर राखीव, आणि तारा असेल तर तारा. डिसेंबर २०१० मध्ये न्यू यॉर्कविरुद्धच्या सामन्यात फिलाडेल्फियाने अखेरच्या पंटसाठी डीशॉन जॅक्सन या आपल्या मोलाच्या खेळाडूस उभे केले. चेंडू प्रथम त्याच्या हातून निसटला. पण तो उचलून तो ६५ यार्ड धावला आणि वेळ संपताना सामना ३८-३१ असा जिंकून दिला. एरवी ताऱ्याला जपणारा संघही प्राण कंठाशी आल्यावर सर्वोत्तम माणसाकडेच वळतो. जे तत्त्व अखेरच्या क्षणी पटते, ते पहिल्या क्षणी का पटू नये?

यावर एक आक्षेप विचारार्ह आहे. हे काम नवोदितांसाठी दार आहे. ते ताऱ्यांना दिले तर दार बंद होईल. हे दार खरोखरच मोलाचे आहे. कॅरोलायनाचा स्टीव्ह स्मिथ २००१ मध्ये आपल्या पहिल्याच सामन्यातील आरंभीचा किकऑफ टचडाउनपर्यंत घेऊन गेला आणि पुढे नामांकित रिसीव्हर झाला. सहाव्या फेरीत निवडलेल्या अँटोनियो ब्राउनने २०१० मध्ये याच वाटेने लोकांचे लक्ष वेधून घेतले. परंतु या दोघांना दार उघडले ते त्यांच्या अंगच्या कसबामुळे. नवोदितास संधी देणे निराळे आणि तो स्वस्त आहे म्हणून त्याला पुढे ढकलणे निराळे. पहिल्यात त्याच्या गुणांची परीक्षा आहे. दुसऱ्यात केवळ त्याच्या असहायतेचा उपयोग आहे.

सबब, संघांनी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. रिटर्नर निवडताना आधी हात, मग निर्णय आणि मग वेग तपासावा. मुख्य रिटर्नर जखमी झाल्यास त्याच्या जागी येणाऱ्यास हंगामाच्या आरंभापासून तितकाच सराव द्यावा. आयत्या वेळी कोणालाही उभे करू नये. नव्या नियमात दोघे मागे राहू शकतात, तर दुसराही पुरता तयार असावा. निकाल न मोजल्या जाणाऱ्या सराव सामन्यात मात्र कोणाच्याही गुडघ्याशी जुगार खेळू नये. सीहॉर्नच्या प्रसंगाचा खरा बोध हाच आहे. आणि या कामात जो जखमी होईल त्याच्या कराराचे रक्षण करण्याची जबाबदारी संघाने पत्करावी.

परतावे वाढले म्हणजे नव्या रचनेतही एकूण धोका शिल्लक राहणार, हे उघड आहे. म्हणूनच कसोटी एकच असावी. चेंडू परत आणण्याचे काम ताऱ्याने करू नये इतके भयंकर असेल, तर ते कोणीच करू नये व नियम पुन्हा बदलावेत. आणि ते कोणीतरी करण्याइतके सुरक्षित असेल, तर ज्याला ते उत्तम येते त्यास ते सन्मानाने द्यावे. या दोहोंच्या मधली, धोका ठाऊक असूनही तो बिनमहत्त्वाच्या माणसाकडे सरकविण्याची वाट सोयीची आहे. पण खेळाच्या अंगणात तिला खिलाडूपणा म्हणता येणार नाही.