माळ्यावरचा मराठवाडा

कागदाला किंमत केव्हा येते, हे मराठवाड्याने अलीकडे फार जवळून पाहिले. २०२३ च्या सप्टेंबरात निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि एकाएकी सगळ्या विभागाची नजर तहसीलच्या रेकॉर्डरूमकडे, शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरांकडे आणि घरोघरच्या लोखंडी ट्रंकांकडे वळली. मोडी लावणारा माणूस कुठे मिळेल, उर्दू-फारसी कोण वाचून देईल, याची विचारपूस गावोगाव सुरू झाली. शोध हैदराबादेपर्यंत जाऊन पोहोचला. आरक्षणाच्या प्रश्नाची बाजू मांडण्याची ही जागा नव्हे. तो वाद त्याच्या ठिकाणी. पण त्या धावपळीत एक गोष्ट उघडी पडली. आजोबा-पणजोबांचा कागद पुष्कळ घरांत उरलेला नाही, आणि जिथे उरला आहे तिथे तो वाचणारे कोणी नाही.

आपल्या शहराला हा अनुभव नवा नाही. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले, दख्खनच्या कारभाराचे दीड लाखांहून अधिक मोगल कागद इथल्या किले अर्कमध्ये पडून होते. १९१६ मध्ये ते हैदराबादला हलवण्यात आले. आज ते तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहेत आणि औरंगाबादचा सतरावा शतक अभ्यासायचा तर माणसाला हैदराबादची गाडी धरावी लागते. तिथे गेले म्हणून ते वाचले, असे कोणी म्हटले तर त्याच्याशी वाद घालता येणार नाही. बीडजवळच्या पाटांगण इथल्या ज्ञानेश्वरीच्या पोथीची गोष्टही अशीच. वि. का. राजवाडे यांच्यासारखा झपाटलेला माणूस तिथवर आला आणि तिच्या आधारे १९०९ साली त्यांनी आपली ज्ञानेश्वरी छापली. दारातल्या कागदाची ओळख बाहेरच्याने येऊन करून द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

तरी दरबारच्या आणि मठांच्या कागदांना कुठे ना कुठे छप्पर मिळाले. घरच्या कागदांचे काय? गुलमंडी, औरंगपुरा, बेगमपुरा, शहागंज या भागांतले जुने वाडे एकामागून एक उतरले आणि त्यांच्या जागी फ्लॅट उभे राहिले. वाड्याला माळा होता, कोनाडे होते, देवघराखाली कप्पा होता. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर यांत आजीची ट्रंक कुठे ठेवायची? मग ती आधी बाल्कनीत जाते, तिथे एक पावसाळा काढते आणि नंतर रद्दीवाल्याच्या गाडीवर चढते. तिच्यात काय असते, ते एकदा नीट आठवून पाहावे. एखादी सनद किंवा मुंतखब, खासरा पत्रकाची नक्कल, हाली सिक्क्यात रकमा लिहिलेल्या वह्या, लग्नातल्या आहेराची यादी, बाळंतपणाच्या खर्चाचा हिशेब, गावाकडून आलेली पोस्टकार्डे, उस्मानिया विद्यापीठाचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, एखाद्या घरी तुरुंगातून सुटल्याची चिठ्ठी. आणि तळाशी काळ्या जाड पानांचा, दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद घातलेला अल्बम.

यातला प्रत्येक कागद इतिहास घडवणारा असतो, असे मुळीच नाही. आहेराच्या यादीने साम्राज्ये उलथत नाहीत. पण त्या यादीत लुगड्याची किंमत असते, कोणत्या गावाहून कोण आले ते असते, कोणत्या जातीच्या घरून काय आले तेही असते. शंभर घरांच्या शंभर याद्या एका ठिकाणी आल्या, की निजामी राज्यातल्या मराठवाड्याच्या संसाराचा जो पट उभा राहील, तो कोणत्याही गॅझेटियरात सापडणार नाही.

आपल्या विभागाची एक अडचण मात्र पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगूनही कळत नाही. इथे एका घरात तीन-तीन लिप्या नांदल्या. आजोबा शाळेत आणि कचेरीत उर्दू लिहीत, दुकानाचा हिशेब मोडीत ठेवीत आणि पोथी बाळबोधीत वाचीत. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि या बारा वर्षांत कारभाराची भाषाच पालटली. मुलगा मराठी शाळेत गेला, नातू इंग्रजी शाळेत. आजोबांची सही ओळखता येते, वरचा मजकूर नाही. त्यात सन फसली. कागदावर १३४७ हा आकडा दिसला की नातवाला वाटते, कागद देवगिरीच्या यादवांच्या आगेमागचा असावा! तसे नसते. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. त्या आकड्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. जानेवारीनंतरची तारीख असेल तर ५९१. म्हणजे १३४७ फसली हे १९३७-३८ साल झाले. आजूर, बहमन, खुर्दाद, आबान ही नावे दिसली की तो फसली महिना समजावा. हिजरी सनाची तारीख असेल तर हिशेब वेगळा, तो जाणकाराकडून करून घ्यावा. ‘कलदार’ हा शब्द आला, तर ती रक्कम इंग्रजी रुपयांत आहे, हालीत नाही. एवढे कळले तरी निम्मी ट्रंक बोलू लागते.

फोटोंचे दुखणे वेगळे. त्यांना लिपी लागत नाही, म्हणून ते सगळ्यांना कळतात असा आपला समज असतो. १८८० च्या दशकात राजा दीनदयाळ यांनी वेरूळची आणि बीबी का मकबऱ्याची छायाचित्रे घेतली. ती जगातल्या मोठ्या संग्रहांत नावनिशीवार जपलेली आहेत. मकबऱ्याला ओळख सांगणाऱ्याची गरज नाही. अल्बममधल्या माणसाला आहे. रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्चीवर बसलेले हे टोपीवाले गृहस्थ कोण, हे ज्या आत्याला ठाऊक आहे ती आज पंच्याऐंशीची आहे. बायकांच्या बाबतीत तर हाल विचारू नयेत. फोटोमागे कोणी काही लिहिलेच असले, तर ‘दादासाहेब व कुटुंब’. त्या ‘कुटुंबा’चे माहेरचे नाव काय, सासरी बदललेले काय, ती लिहिती-वाचती होती का, याचा पत्ता नाही. मुंबईत १९८८ साली स्थापन झालेल्या ‘स्पॅरो’ या संस्थेने स्त्रियांच्या आठवणी, आवाज आणि छायाचित्रे जमवण्याचे काम अनेक वर्षे चिकाटीने केले आहे. मराठवाड्यात त्या तोडीचे काम कोणी हाती घेतले, तर त्याला सामग्री कमी पडणार नाही.

शिवाय सगळ्यांकडे अल्बम नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. फोटो काढून घेणे ही मोठी चैन होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली या शहरात महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यातल्या कित्येक दलित घरांत अक्षर पहिल्यांदा आले ते नागसेनवनातून. अशा घरी पूर्वजांचा म्हणून एकच फोटो असतो, वसतिगृहाच्या पायरीवर रांगेने उभ्या असलेल्या मुलांचा. नामांतराच्या लढ्यातली पत्रके, अटकेचे कागद, १९७८ पासून १९९४ पर्यंतची कात्रणे हीसुद्धा आता जुनी झाली आहेत आणि ती बहुतांशी घरांतच आहेत. जिथे एकच कागद आहे, तिथे तो गेला की सगळेच गेले. वाड्यांच्या ट्रंकांपेक्षा या पिशव्यांकडे आधी जायला हवे, असे आम्हाला वाटते.

१९४८ च्या कागदांबद्दल थोडे जपून बोलावे लागते. रझाकारांच्या भयाने सरहद्दीवरच्या छावण्यांत गेलेली घरे आहेत, पोलीस कारवाईनंतर उजाडलेली घरेही आहेत. त्यांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. अशा वेळी दोन्हीकडच्या घरांतली पत्रे आणि छायाचित्रे हाच पुरावा असतो. तो आज कोणी सहजी हातावर ठेवणार नाही, आणि त्यात चूक काही नाही.

आता जपणुकीचे. या बाबतीत चांगल्या हेतूने जेवढे नुकसान होते तेवढे वाळवीनेही होत नसेल. जुन्या दस्ताला लॅमिनेशन करून आणणे हा त्यातला सर्वांत मोठा अपराध. ते पुन्हा काढता येत नाही आणि आतला कागद उष्णतेने व गोंदाने बाद होतो. फाटक्या जागी चिकटपट्टी लावू नये. ऐंशीच्या दशकात घरोघर आलेले चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम दिसायला देखणे, पण त्यांचा गोंद फोटोला खातो. सुटतील तेवढे फोटो अलगद सोडवावेत, न सुटले तर ओढू नयेत, पानासकट जपावेत. नाव लिहायचे ते मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने; बॉलपेनने नव्हे. रंगीत फोटो आधी उडतात, कृष्णधवल टिकतात, म्हणून आजोबांचा फोटो नातवाच्या बारशाच्या फोटोपेक्षा ताजा दिसतो. कागदाचेही तसेच. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांपासून हाताने केलेला कागद शतकांमागून शतके टिकतो. गिरणीचा स्वस्त कागद पन्नास वर्षांत ठिसूळ होतो आणि वर्तमानपत्राचा तर त्याआधीच. तेव्हा या पुरवणीचे कात्रण सनदेच्या घडीत कृपा करून ठेवू नका, पिवळेपणा तिलाही लागेल.

मोबाइलवर फोटो काढून ठेवला म्हणजे काम झाले, हाही एक भ्रम. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या प्रतीतला तपशील बराचसा गाळला जातो. तीच प्रत मोठी करायला गेलात तर चेहऱ्याचे ठिपके होतात. स्कॅन करायचे तर चांगल्या यंत्रावर, सहाशे डीपीआयच्या आसपास, आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मूळ टाकून मात्र देऊ नये. अनुषा यादव यांनी २०१० साली सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये घरगुती फोटो आणि त्यामागची हकिकत एकत्र जमवली जाते. त्यात शिकण्यासारखे आहे ते हेच, की हकिकतीवाचून फोटो अर्धा असतो.

मग लोक अभिलेखागाराकडे का जात नाहीत? राज्य शासनाच्या पुराभिलेख खात्याची शाखा याच शहरात आहे. विद्यापीठाचे इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाची संशोधन संस्था आहे. तरी पाऊल वळत नाही. आळस हे एक कारण, पण खरे कारण भीती. वतनाचा कागद बाहेर गेला आणि चुलतभावाच्या वकिलाच्या हाती पडला तर? दिलेला अल्बम गहाळ झाला तर? ही भीती खोटी ठरवून चालणार नाही. घेणाऱ्या संस्थेने लेखी करार केला पाहिजे. मूळ कोणाचे, घराण्याला प्रत केव्हा मिळणार, कोणती पत्रे किती वर्षे बंद ठेवायची, छापायची परवानगी कोण देणार, हे सगळे त्यात यावे. मूळ द्यायचे नसेल, तर प्रत करून घेऊन ते त्याच दिवशी परत करण्याची सोय असावी. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात खासगी कागदपत्रांचा स्वतंत्र विभाग आहे. इथे निदान एक खोली, एक स्कॅनर आणि मोडी व उर्दू वाचणारी दोन पगारी माणसे एवढे तरी हवे. पगारी हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. हौशी माणूस सुट्टीच्या दिवशी येतो, आणि ट्रंक भिजते ती कोणत्याही दिवशी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत आणि भोवतालच्या गावांत दगडमातीची घरे माणसांवर कोसळली. वाचलेल्यांना पुढे घरे मिळाली. ढिगाऱ्याखाली गेलेला आईचा एकुलता फोटो कोणते खाते देणार होते? त्याची एक प्रत लातुरात किंवा इथे कुणाच्या कपाटात असती तर, एवढाच विचार मनात येतो.

संस्था जाग्या होतील तेव्हा होतील. येत्या सुट्टीत घरात चार वडीलधारी माणसे जमली, तर अल्बम मधोमध उघडून ठेवावा आणि मोबाइलवर आवाज टिपायला लावावा. ‘हे कोण?’ असे एकदम विचारू नये. ‘हा फोटो काढला त्या दिवशी घरात काय होते?’ असे विचारावे, नावे मागून येतात. मांडीवरचे बाळ कोण, यावर थोरली आणि धाकटी आत्या यांचे एकमत होणार नाही. दोघींचेही म्हणणे लिहून ठेवावे, कोण म्हणाले त्याच्या नावासकट.