हार्ट सर्जरीनंतर किडनीसाठी हार्मोन: लघवी वाढली म्हणजे किडनी वाचली का?

तेलगावच्या माणसाला बायपास सांगितली, की गाडी निघते छत्रपती संभाजीनगरला, लातूरला नाहीतर पुण्याला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं, रक्ताची सोय, सगळं लक्ष हृदयावर असतं. आयसीयूत मात्र दर तासाला लघवी मोजली जाते. कारण हार्ट सर्जरीनंतर साधारण तीन-चारपैकी एका रुग्णाच्या किडनीला कमी-जास्त इजा होते. याला अक्युट किडनी इंजुरी म्हणतात. बहुतेक जण सावरतात, पण ज्यांना डायलिसिस लागतो त्यांच्या जिवाचा धोका बराच वाढतो.

हार्ट-लंग मशीनवर असताना किडनीचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. नंतर रक्तवाहिन्या सैल पडून बीपी घसरतं, सूजही येते. आता रक्तवाहिन्या आवळणं, सैल करणं आणि मीठ-पाणी सांभाळणं ही कामं शरीरात हार्मोनच करतात. मग तेच बाहेरून दिले तर? विचार सरळ आहे, पण इतिहास सावध करणारा आहे.

डोपामिनचंच बघा. कमी मात्रेत दिलं की लघवी वाढते, म्हणून कित्येक वर्षं आयसीयूत ते 'किडनीचा डोस' म्हणून चाललं. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या आयसीयूंमध्ये ३२८ गंभीर रुग्णांवर नीट चाचणी झाली आणि किडनीला काहीच फायदा दिसला नाही. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर डॅशबोर्डवरचा आकडा सुधारला, सिस्टिम होती तशीच राहिली.

एएनपी हा हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघणारा हार्मोन. जपानमध्ये बायपासच्या ५०४ रुग्णांवरच्या अभ्यासात तो दिल्यावर क्रिएटिनिन कमी राहिलं. तरीही २०१२ च्या केडीगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी किडनीसाठी तो वापरू नये, असंच सुचवलं. पुरावा तेवढा भक्कम नव्हता.

मला सगळ्यात आशादायक वाटतो तो वासोप्रेसिन. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या हार्ट इन्स्टिट्यूटची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. हार्ट सर्जरीनंतर रक्तवाहिन्या सैल पडून शॉकमध्ये गेलेल्या ३०० रुग्णांपैकी काहींना वासोप्रेसिन, काहींना नेहमीचं नॉरएपिनेफ्रिन दिलं. किडनी निकामी होण्याचं प्रमाण १०.३ टक्के विरुद्ध ३५.८ टक्के. फरक प्रचंड आहे, पण हॉस्पिटल एकच होतं. आणि २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये सेप्सिसच्या ४०९ रुग्णांवर हीच तुलना झाली तेव्हा किडनी वाचवण्यात वासोप्रेसिन सरस ठरलं नव्हतं. आजार वेगळा आहे हे खरं, पण एवढ्यावर सगळीकडे लागू करा म्हणता येत नाही.

अँजिओटेन्सिन-२ ला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजुरी मिळाली, पण ती बीपी वाढवण्यासाठी, किडनीसाठी नाही. बातमीत हा फरक हमखास गळतो.

मोजमापाचीही अडचण आहे. किडनीला इजा झाल्यावर क्रिएटिनिन वर दिसायला एक-दोन दिवस जातात. म्हणजे अलार्म वाजेपर्यंत आग लागून गेलेली असते, आणि औषध उशिरा पोचतं. २०२४ मध्ये ३,५११ रुग्णांवर अमिनो आम्लांची, म्हणजे हार्मोन नसलेल्या साध्या सलाईनची चाचणी आली. त्यात इजेचं प्रमाण ३१.७ वरून २६.९ टक्क्यांवर आलं, पण डायलिसिस आणि मृत्यूंमध्ये ठोस फरक पडला नाही. त्यामुळे 'किडनी वाचवणारं औषध सापडलं' असं वाचलं की विचारा: आकडा कशाचा घटला? क्रिएटिनिनचा, की डायलिसिसचा?

तोवर गावाकडे करण्यासारखं काम आहे. डिस्चार्ज कार्डवर ऑपरेशनआधीचं आणि नंतरचं, दोन्ही क्रिएटिनिन लिहून मागा. किडनीला इजा झाली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, असं केडीगो सांगतं. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही, ही तपासणी धारूर-माजलगावच्या लॅबमध्येही होते. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणू नका. उन्हात, ऊसतोडीच्या फडावर कामाला परत जाणाऱ्याने तर आधी डॉक्टरांना विचारावं. पाणी किती प्यायचं तेही त्यांनाच विचारा, कारण हृदय कमजोर असेल तर जास्त पाणीही त्रास देतं.