सरासरीच्या आड लपलेली आम्लता

डोंबिवलीच्या हवापाण्याची वार्ता पहिल्या पानावर येते ती बहुधा रंग दृष्टीस पडला म्हणजेच. २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडल्याचा आणि २०२० च्या फेब्रुवारीत औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाल्याचा जो बोभाटा झाला, तो सकारण होता यात संशय नाही. पण माती, दगड आणि जीवमात्र यांचे नित्याचे व्यवहार जिच्यामुळे ठरतात त्या आम्लतेला स्वतःचा रंग नसल्यामुळे तिच्या वाट्याला असा बोभाटा येत नाही, आणि तिची मोजदाद कोठे व किती बारकाईने करावी हा प्रश्न कारकुनी बाब समजून दप्तरात पडून राहतो. तो तसा पडून राहू नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आम्लता पाहावयाची तर रंग उसना घ्यावा लागतो, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हळदीत चुना कालवला म्हणजे ती लाल होते आणि त्यावर लिंबू पिळले म्हणजे पुन्हा पिवळी पडते; शाळेतला लिटमस कागद हेच काम अधिक शिस्तीने करतो. हा लिटमस मुळात काढीत तो दगडफुलाच्या गणगोतातून, आणि गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल म्हणजे बुरशी व शैवाल यांनी एकत्र थाटलेला संसार होय. तेव्हा आम्लता ओळखण्याचे साधन माणसाने बुरशीच्याच घरून आणले असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी या आम्लतेला अंकांची भाषा दिली. त्या अंकाला आपण सामू म्हणतो. सामू एकाने उतरला म्हणजे आम्लता दसपट वाढते, दोनाने उतरला म्हणजे शंभरपट.

पावसाळ्यात कल्याणच्या बाजारातून आणलेल्या कांद्याच्या सालीखाली काजळीसारखी जी काळी बुरशी आढळते, ती आम्लता कशी निर्माण करते ते पाहा. चायना ग्रास, साखर आणि थोडे क्षार यांच्या पातळ थरात ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक घालून तो निळा करावा, त्यावर त्या काजळीचा एक कण टेकवून झाकण लावावे आणि ते न उघडता काही दिवस वाट पाहावी. कणाभोवती प्रथम हिरवट आणि मग पिवळे वलय उमटते, आणि ते बुरशीच्या कडेच्याही पुढे सरकत जाते. हिच्याच अंगी साखरेचे सायट्रिक आम्ल करण्याचे सामर्थ्य आहे हे जेम्स करी यांनी १९१७ मध्ये दाखवून दिले, आणि आज सरबताच्या पुडीत पडणारे आम्ल बहुतांशी हिच्याच कृपेचे असते.

परंतु हे वलयही ढोबळच. बुरशीचा तंतू जेमतेम दोन ते दहा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहून कितीतरी बारीक. त्याच्या पेशीपटलातील प्रथिनांचे पंप आतले हायड्रोजनचे आयन बाहेर लोटतात आणि त्या जोरावर साखर, क्षार आत ओढले जातात, त्यामुळे तंतूलगतचा सामू एक असतो आणि केसभर अंतरावरचा दुसरा. तो मोजण्यासाठी टोकाशी मायक्रॉनभर उरेल इतकी बारीक ओढलेली काचेची नळी लागते, किंवा आम्लतेबरोबर ज्याचे तेज पालटते असे रंगद्रव्य सूक्ष्मदर्शकाखाली दोन निरनिराळ्या प्रकाशांत तपासावे लागते. सफरचंदावरची निळी बुरशी सभोवतालचा गर आंबट करून फळ कुजविते, तर टोमॅटोची मर आणणारी बुरशी नेमके उलट करून मुळाभोवती क्षारता वाढविते. दोघींचेही राज्य तंतूपासून चार पावलांवर नव्हे, तंतूला लागूनच चालते.

आता आपली सरकारी रीत पाहा. जमिनीचा सामू काढताना एक भाग माती अडीच भाग पाण्यात ढवळतात, आणि मृद आरोग्य पत्रिकेसाठी बागायतीत अडीच हेक्टरांस व जिरायतीत दहा हेक्टरांस मिळून एक नमुना घेतात. म्हणजे मुरबाड-शहापूरच्या भातखाचरातील मुळांशी जे आम्ल स्फुरद मोकळे करीत असेल, ते ढवळण्यातच नाहीसे होते. नाल्यात सोडावयाच्या सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान असला म्हणजे त्या बाबतीत कायद्याचे समाधान होते. हे नियम निरर्थक आहेत असे नव्हे. खत किती द्यावे, कारखान्यास नोटीस बजावावी की नाही, यांसाठी ते पुरेत. पण जीव कोठे जगतो आणि कोठे गुदमरतो हे सरासरीला सांगता येत नाही.

मातीची जी गत, तीच दगडाची. वालधुनी नदीच्या काठी शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख मिरविणारे अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवालय उभे आहे. अशा पाषाणावर दगडफूल रुजले म्हणजे त्यातील बुरशी ऑक्झॅलिक आम्ल पाझरविते, दगडातील कॅल्शियमशी त्याचे स्फटिक बनतात आणि कोरीव कामाचा पृष्ठभाग हळूहळू सैल होतो. उलट कित्येक ठिकाणी हाच थर पावसापासून दगडाचे रक्षणही करतो, म्हणून तो खरवडावा की राहू द्यावा याविषयी जगभरच्या जाणकारांत मतभेद आहेत. भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याचा सामू काढून या वादाचा निवाडा होणे नाही. तो मूर्तीच्या एकेका वळीत, तंतूच्या टोकाशी मोजावा लागेल.

बुरशींचा राष्ट्रीय संग्रह पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आहे, म्हणजे विद्या दूर नाही. ठाण्याच्या बांदोडकर आणि कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयांसारख्या संस्थांनी येऊरच्या पालापाचोळ्यापासून खाडीच्या तिवरांपर्यंतच्या बुरशींची अशी सूक्ष्म मोजणी अभ्यासक्रमात आणावी, आणि नगरपालिका-महापालिकांनी पर्यावरणाच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी एखादी रक्कम मुक्रर करावी, एवढीच माझी विनंती आहे. पुढचा रंगीत पाऊस पडेपर्यंत थांबण्याचे काही कारण नाही. कांदा घरात आहे, आणि पावसाळा दर वर्षी येतो.